शायलो-आकेची कोरी काच

आमच्या नारीन गावात गाडीची पुढची काच धड असणं म्हणजे साठीच्या माणसाचे बत्तीसही दात शाबूत असण्यासारखं. रस्त्यावर खडी, पुढे चीनच्या हद्दीकडे निघालेले ट्रक आणि वर हाडं गोठवणारी थंडी. माझ्या काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकडीतिकडी भेग आहे. प्रवासी तिला नदी म्हणतात.

शायलो-आकेची काच मात्र कोरी. टॅक्सीच्या अड्ड्यावर हा सगळ्यांत वडील, म्हणून आके, म्हणजे दादा; आणि जिभेने सगळ्यांत तिखट. ट्रकच्या मागे तो जात नसे, रात्री काचेवर जुनं जाड लोकरीचं नमदं पांघरत असे आणि हीटर जेमतेम कोमट ठेवत असे. प्रवासी कुरकुरले की म्हणे, "कोट घालून या. गाडी आहे, चूल नाही."

आम्हाला तर रोजच शिकवणी. "दगड नुसता टवका उडवतो रे. डोळ्याला दिसतही नाही. मग बाहेरून थंडी म्हणते आकस, आतून हीटर म्हणतो पसर. काचेने ऐकायचं कुणाचं? त्या टवक्यातून उकलते बिचारी. आणि तुम्ही बोंबलता, आपोआप फुटली म्हणून!"

एकदा सकाळी बर्फ वितळवायला मी काचेवर किटलीभर गरम पाणी ओतलं. टण्णकन आवाज झाला आणि माझी नदी उगम पावली. तेव्हापासून त्याने माझं नाव किटली ठेवलं. घरात बायकोसुद्धा तेच म्हणते.

त्या काचेमुळे गावात नवऱ्या आणायचा मान त्याचा. नव्या सुनेने तडकलेल्या काचेतून सासरचं दार बघू नये, असं आमच्याकडे म्हणतात.

गेल्या जानेवारीत बुरुल-आपाच्या नातवाचं लग्न ठरलं. नवरी जाझगुल घाटापलीकडच्या कोचकोरची. शायलो-आकेच्या गाडीत नवरा-नवरी, मागे माझ्या गाडीत पाहुणे. कोचकोरहून निघण्याआधी त्याने काच पुसपुसून लख्ख केली आणि मला बोलावलं. "ये किटली, एखादा ओरखडा सापडतो का बघ." मी नाक लावून शोधला. कुठे काही नव्हतं.

दोलोन घाटात आम्ही थांबलो, तर त्याच्या गाडीतून भट्टीसारखी धग येत होती.

"आके, हे काय?"

"पोरीचा झगा बघ, कांद्याच्या सालीएवढा पातळ. दात वाजतायत तिचे. आजच्या दिवस राहू दे माझे नियम."

बुरुल-आपाच्या अंगणात बायका ओंजळी भरून उभ्या होत्या. नवरी आली की तिच्यावर मिठाई आणि नाणी उधळायची आमची रीत. सगळ्यांत पुढे खुद्द आपा. जन्मभर मेंढ्यांमागे दगड भिरकावलेला हात तो! तिने साखरेच्या टणक गोळ्या मूठभरून फेकल्या.

टक्क.

गोळी टिचभर, पण काचेवर भेग सरसरत पार दुसऱ्या काठाला गेली. मिठाई वेचणारी पोरंसुद्धा थबकली. मागून कोणीतरी पुटपुटलं, "पाय जमिनीला लागायच्या आत काच फोडली. पांढऱ्या पायाची दिसते."

खोटं कशाला बोलू, आधी मला गुदगुल्याच झाल्या. मग मागच्या सीटवर त्या पोरीची ओढणी थरथरताना दिसली आणि त्या गुदगुल्या विरल्या. एवढासा शब्द, पण आमच्या गावात तो चिकटतो. उद्या मेंढी मेली, गाय आटली, तरी बोट तिच्याकडेच. आपाचा चेहरा पडला होता. आपल्याच हातून झालं, असं ती तरी कशी म्हणणार?

शायलो-आके खाली उतरला. काचेकडे बघितलं, मागे नवरीकडे बघितलं. मग मोठ्याने हसला.

"आपा, मिठाईला कशाला दोष? भेग सकाळचीच आहे. बर्फ साचलं होतं, मी किटलीभर गरम पाणी ओतलं."

"तू? गरम पाणी?"

"मीच. म्हातारचळ लागला, दुसरं काय."

आपा माझ्याकडे वळली. "काय रे मिरलान, खरं का हे?"

"खरंय आपा. मी ओरडत होतो, ऐकतंय कोण!"

"गाढवा!" आपा त्याच्यावर कडाडली, आणि तिचा जीव भांड्यात पडलेला आम्हाला स्पष्ट दिसला. "केस पिकले, अक्कल नाही आली! माझ्या नातसुनेला फुटक्या काचेतून आणलंस? ये गं बाळ, उतर. या खुळ्याकडे लक्ष देऊ नकोस."

पुन्हा मिठाई उधळली गेली. त्या संध्याकाळी जेवताना अड्ड्यावरच्या पोरांनी आकेची जी काही सालटी काढली, ती त्याने मान खाली घालून ऐकून घेतली. मला फार वाईट वाटलं. एकदा तोंड उघडणार होतो, तर त्याने टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ हाणली.

दुसऱ्या दिवशी सुनेच्या हातचा पहिला चहा. वरच्या मानाच्या जागी आपा, मग काका-मामा, आणि दाराजवळ आम्ही ड्रायव्हर. चहा वरून सुरू होतो. जाझगुल डोक्याला पांढरा रुमाल बांधून, नजर खाली ठेवून वाटी घेऊन आली. आपाला ओलांडलं, काकांना ओलांडलं, थेट दाराशी आली आणि शायलो-आकेपुढे दोन्ही हातांनी वाटी धरली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कोचकोरपासून नारीनपर्यंत ही पोर त्याच कोऱ्या काचेतून रस्ता बघत आली होती.

"अगं, चुकलीस," आपा हसून म्हणाली. "पहिली वाटी थोरांना द्यायची."

"थोरांनाच दिली, आपा," जाझगुल हळूच म्हणाली.

शायलो-आकेने वाटी घेतली. चहा पार निवला तरी तो ती दोन्ही हातांत धरून बसला होता.