घरटी एक चहा

अक्कांचं नाव आधी घेते, मग बाकीचं सांगते. निलंग्याच्या अक्का. त्या आमच्या गावात आल्या नसत्या तर आज मी माझ्या आत्याची सून असते, आणि अंगातलं दुखणं म्हणजे आपल्याच नशिबाचा काहीतरी घोळ, असं समजून कुठंतरी भिंतीला टेकून बसले असते.

अक्कांइतका चहा पिणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. इस्लापूरच्या पुढं, धबधब्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. नांदेडहून सकाळच्या एसटीनं त्या यायच्या, खांद्याला बर्फाचा डबा, आणि पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत प्रत्येक ठिकाणी बसायच्या. प्रत्येक ठिकाणी चहा. बशीत ओतून, सावकाश, जणू दुसरं कामच नाही. कुणी जास्त ओतायला लागलं की हात आडवा धरून "साकू, साकू" म्हणायच्या. त्यांच्याकडं कर्नाटक जवळ, त्यामुळं कानडी शब्द मधूनच निसटायचा. लेकरं मग लांबूनच ओरडायची, "साकूबाई आली! साकूबाई आली!" अक्का म्हणायच्या, "बरं झालं, पुरे म्हणायला तरी शिकलात."

त्यांच्या गळ्यात चांदीचं लिंग असायचं. आमच्या शेजारच्या आजीनं ते पाहून पहिल्याच दिवशी विचारलं, "बाई, आमच्या घरचं चालंल का तुमाला?" अक्का म्हणाल्या, "चहाला काय झालंय आजी? आणा की." त्यावर आजीनं भीतभीत कप पुढं केला आणि अक्कांनी तो पिऊन, वर आणखी थोडा मागून घेतला. आजी पुढं कितीतरी दिवस ही गोष्ट सांगत होती.

त्यांचं काम रक्ताचं होतं. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी कशा चालतात, आईबापांकडून लेकरांत येणाऱ्या आजारात त्या कशा बिघडतात, आणि तोच आजार एकाला लोळवतो तर दुसऱ्याला नुसता शिवून का जातो, याचा त्या शोध घेत होत्या. गावाला यातलं काही कळत नव्हतं. डबा पाहून पोरांना आधी कुल्फी वाटली होती. बायकांना नवल होतं ते वेगळंच. अक्कांच्या पिशवीत नखपॉलिशच्या बाटल्या असायच्या, आणि नखं मात्र कोरी! "घरी गेल्यावर लावत असंल," असं आईचं मत होतं.

मी तेव्हा शाळा सोडून घरी होते. सातवीतच सुटली. हातपाय असे धरायचे की रडायलासुद्धा जोर नसायचा. गुरुजी म्हणायचे, "गणिताच्या तासालाच बरे दुखतात हिचे पाय." काहींना वाटायचं अंगात येतंय, काहींना वाटायचं कामचुकार आहे. अक्का आमच्या दारात आल्या, माझ्या पिवळ्या डोळ्यांकडं पाहिलं, आणि बसायच्या आधीच आईला म्हणाल्या, "चहा मागून टाका. आधी हिला पाणी द्या." पुढं हेच त्यांचं पालुपद झालं. भेटल्या की पहिला प्रश्न, "पाणी पिलीस का गं?"

रक्त तपासून झाल्यावर मला आणि आईला त्यांनी नांदेडला बोलावलं. तिथं नखपॉलिशचं कोडं सुटलं. माझ्या बोटातला थेंब काचेवर घेतला, त्यावर पातळ काच ठेवली, आणि आत हवा जाऊ नये म्हणून तिच्या कडा नखपॉलिशनं बंद करून टाकल्या. आई म्हणाली, "घ्या! अन् मी काय काय बोलले." अक्का हसल्या. थोड्या वेळानं मला यंत्रातून बघायला लावलं. गोल गोल ठिपके होते, त्यातले काही बघता बघता बारीक, वाकडे झाले होते. खुरपणीच्या विळ्यासारखे. मी विचारलं, "अक्का, माझं रक्त वाईट हाय का?"

त्या म्हणाल्या, "वाईट न्हाई गं. दमतात तुझ्या पेशी. हवा कमी पडली की ताठतात आन् बारीक नसांत अडकून बसतात. तिथं तुला दुखतं. हवा मिळाली, पाणी मिळालं, की त्यातल्या पुष्कळ पुन्हा गोल होतात."

मला आळशी म्हणणारे पुष्कळ भेटले होते. माझ्यातलं काहीतरी खरंच दमतंय, असं म्हणणाऱ्या त्या पहिल्या. रोजच्या गोळ्या कुठं मिळतील, कधी घ्यायच्या, ते सगळं त्यांनी लावून दिलं. आणि हेही स्पष्ट सांगितलं की त्यांच्या शोधाचा उपयोग मला होईलच असं नाही. "तुझ्यानंतर कुणालातरी होईल. चालंल का?" मी हो म्हटलं.

चहाचं खरं कारण मला घरी आल्यावर समजलं. अक्का तपासणीचं उत्तर ज्याचं त्यालाच सांगायच्या, लहान लेकराचं फक्त आईबापाला. पण गाव हुशार. बाई कुणाच्या घरात जास्त वेळ बसली, यावरून लोकांनी लगेच ताडलं असतं की त्या घरात आजार आहे, आणि मग त्या घरच्या पोरींची लग्नं अडली असती. म्हणून अक्का सगळ्यांकडं सारख्याच बसायच्या. जिथं काही निघालं नव्हतं तिथंही तेवढाच वेळ, तेवढाच चहा, पावसापाण्याच्या तेवढ्याच गप्पा. उठताना प्रत्येक घरी एकच वाक्य, "लग्न ठरवायच्या आधी दोघांनी आपापलं एकमेकाला सांगायचं."

माझं लग्न तर मी पाळण्यात असल्यापासून ठरलेलं. आत्याचा विलास. आत्या हिमायतनगरला राहायची. भावाची पोरगी माझ्याच घरी येणार, हे ती आल्यागेल्याला सांगायची. माझं दुखणं तिला अर्धवट माहीत होतं. अक्कांनी त्यांच्या गावीही रक्त घेतलं होतं. मग एकदा सुपारीचं बोलायला आत्या विलासला घेऊन आली, आणि नेमक्या त्याच दिवशी अक्का आमच्या ओसरीवर, हातात बशी घेऊन.

आत्यानं त्यांना सरळच धरलं. "ओ बाई, तुमीच सांगा. पोरीच्या रक्तात काई हाय का न्हाई? एवढंच बोला, मी जाते."

अक्का म्हणाल्या, "ताई, तुमच्या घरचं मी कुणाला सांगितलं का?"

"न्हाई."

"मग ह्या घरचं तुमाला कसं सांगू?"

बाबा खाली बघत होते. आई चुलीकडून हलेना. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. अक्कांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. बशीतल्या चहावर साय धरली होती, त्या तिच्याकडंच बघत बसल्या. त्या नाही सांगणार, हे मला तेव्हा कळलं. सांगायचं ते मलाच.

"आत्या, मला हाय," मी म्हटलं. "पुरा आजार हाय."

आत्या काही बोलायच्या आत ओट्यावरून विलासचा आवाज आला. "मलाबी अर्धा हाय, आई. मला काई होत न्हाई त्यानं. पण आमचं दोघांचं झालं तर लेकरांना पुरा होऊ शकतो."

"अन् तू आत्ता सांगून राहिला?"

"तू बोलू देतीस व्हय?"

कुणीतरी हसलं. बहुतेक बाबाच. आत्या रडली, मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "सून न्हाई तर न्हाई. भाची तर कुठं जात न्हाईस." मग अक्कांकडं वळली. "तुमाला दोघांचंबी ठाऊक होतं."

"हाव."

"अन् गप बसलात?"

"गप बसायला जमावं म्हणून तर एवढा चहा पिते, ताई."

अभ्यास संपला तेव्हा अक्का शेवटच्या भेटीला आल्या. आईनं सवयीनं आधण ठेवलं. अक्का म्हणाल्या, "आज कामानं आले न्हाई. ताक असंल तर द्या. चहानं मला लई पित्त होतं हो." आई चमचा हातात धरून तशीच उभी राहिली.

आता मी तिरुपूरला कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करते. पाण्याला इथं तण्णी म्हणतात, तो शब्द मी सगळ्यात आधी शिकले. बाटली मशीनशेजारी असते, सुपरवायझर कुरकुरतो, मी पिते. नवरा रेणापूरकडचा, इथंच भेटला. तो मित्रांना सांगतो, "पत्रिका मागंल वाटलं होतं, हिनं तर रक्त मागितलं." त्याच्यात काही निघालं नाही. बाळाला अर्धाच येईल, माझ्यासारखं लोळावं लागणार नाही. तरी मला झोप लागत नाही. दिवस गेल्यापासून डॉक्टरांनी एक गोळी बंद केली आहे. पाय जरा धरला की रात्रीसुद्धा उठून पाणी पिते. अक्कांचा जुना नंबर लागत नाही, तरी मधूनच लावून बघते.

आमच्या चाळीत ओडिशाची एक पोरगी आहे. तिचेही सांधे धरतात, डोळे पिवळे दिसतात. परवा तिच्याशी बोलायला गेले, तर आधी शेजारच्या खोल्यांतही बसून आले. प्रत्येकीकडं चहा घेतला. शेवटी तिच्याकडं गेले आणि विचारलं, पाणी पिलीस का?

अक्का, बाळ नीट होऊ द्या. त्याला घेऊन मी निलंग्याला येणार आहे. घर ठाऊक नाही, पण स्टँडवर उतरून विचारत विचारत येईन. येताना ताकाची चरवी आणीन, आणि तुम्ही साकू म्हणेपर्यंत ओतत राहीन.