श्रीधरने बनवलेली खिडकी

श्रीधर गेल्याची बातमी मला ताराच्या मेसेजवरून कळली. "मामा गेला." मी दुकानात होतो, गिऱ्हाईक समोर उभं होतं, आणि मी उलट विचारलं, "कुठे गेला?" उत्तर आलं ते पुन्हा तेच, "मामा गेला." तेव्हा कुठे अर्थ लागला आणि मी समोरच्या स्टुलावर बसलो. तारा ही श्रीधरची भाची, जन्मापासून बहिरी. तिला फोन करून काही विचारण्याचीही सोय नव्हती. या गोष्टीला आता महिना होऊन गेला. श्रीधर असता तर म्हणाला असता, "मेसेज तारानेच पाठवला कशावरून? आधी खात्री कर."

तो तसाच होता. महाडला एस.टी. स्टँडच्या मागे आम्ही दोघांनी मिळून काँप्युटर क्लास काढला, तेव्हापासून मी त्याला ओळखतो. बिरवाडीला खोल्या घेऊन राहणारी, कारखान्यांत नोकरी करणारी पोरं आमच्याकडे शिकायला यायची. कोणी त्याचं कौतुक केलं की श्रीधर सावध व्हायचा. "याला काहीतरी पाहिजे," असं माझ्या कानात सांगायचा. कुलूप लावून निघाला की पुन्हा मागे येऊन ओढून बघायचा. शेवटच्या आजारातही एका डॉक्टरचं निदान दुसऱ्याकडे तपासून घेत राहिला, आणि दुसऱ्याचं तिसऱ्याकडे... त्यात वेळ गेला. लोक म्हणतात संशयाने त्याचा घात केला. असेल. पण त्याच संशयाने एका मुलीचं काय झालं, ते मी समोर बसून पाहिलं आहे. म्हणून हे लिहितो आहे.

त्याची थोरली बहीण, अक्का, पोलादपूर तालुक्यात कुडपणला दिलेली. तारा तिची मुलगी. वर डोंगरावर गुरं राखणं, भात लावणं, सगळं ती करायची, पण शाळा तिला मिळाली नाही. घरातल्या घरात खुणा ठरलेल्या होत्या, गुराची वेगळी, पावसाची वेगळी, बिबट्याची वेगळी. त्या खुणा घराबाहेर कोणाला कळत नसत. ती विशीला आली तेव्हा श्रीधर तिला महाडला आपल्या घरी घेऊन आला. त्याच्या बायकोला सोबत झाली, आणि त्याच्या डोक्यात तिला अक्षरं शिकवायचा एक प्रोग्रॅम घोळत होताच. पडद्यावर एक खिडकी उघडणार, तिच्या डाव्या अंगाला शब्दांची यादी, उजवीकडे एक चौकोन. शब्दावर क्लिक केलं की चौकोनात तारा स्वतः त्याची खूण करताना दिसणार, आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत तो शब्द. बिरवाडीच्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून त्याने कॅमेरा आणला आणि आमच्या क्लासच्या भिंतीसमोर तिला उभं केलं.

वाटलं तितकं ते सोपं नव्हतं. पहिल्यांदा क्लिक केल्यावर काँप्युटरमधला प्लेअर वेगळा उघडायचा आणि सगळ्या पडद्यावर पसरायचा. हात दिसले की शब्द झाकला जायचा, शब्द दिसला की हात नाहीसे. तारा आमच्याकडे बघून मान हलवायची. मग त्याने काँप्युटरबरोबर आलेला तोच प्लेअर आपल्या खिडकीत बसवला. क्लासमध्ये छान चाललं. घरच्या मशीनवर नेलं, तर चौकोन काळा आणि आवाज तेवढा येतोय. बहिऱ्या मुलीसाठी बनवलेल्या प्रोग्रॅममध्ये नेमका आवाजच तेवढा येत होता.

श्रीधरने थेट माझ्यावर संशय घेतला. "माझ्या फायलींना तू हात लावलास?" मी नाही म्हणालो. त्याने मान डोलावली आणि त्या दिवसापासून आपल्या मशीनला पासवर्ड घातला. आम्ही शेजारी बसायचो आणि बोलायचो नाही. नंतर त्याचं त्यालाच सापडलं की व्हिडिओतली चित्रं उलगडून दाखवणारी फाइल क्लासच्या मशीनमध्ये होती, घरच्या मशीनमध्ये नव्हतीच. माफी त्याने मागितली नाही. दुपारी चहा मागवला आणि माझा कप माझ्याकडे सरकवला, एवढंच.

त्यानंतर कोणाच्या मशीनवर काय आहे यावर भरवसा ठेवायचा नाही, असं त्याने ठरवलं. प्लेअर आपल्या प्रोग्रॅमच्या पोटातच पाहिजे. इंटरनेटवर त्याला एक लायब्ररी मिळाली, म्हणजे कोणी तरी आधीच लिहून ठेवलेला, आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडता येणारा प्लेअर. परदेशातल्या लोकांनी बनवलेली आणि चक्क फुकट. तिथेच घोडं अडलं.

"फुकट कोण देतं, प्रकाश? यात त्यांचा फायदा काय, ते आधी कळू दे."

शब्दकोश घेऊन त्याने तिच्या अटी वाचल्या. चालवून बघताना इंटरनेटची तार काढून ठेवली. त्या लायब्ररीला आपल्या खिडकीतली एक जागा दाखवून द्यावी लागते, मग ती तिथे आपलं चित्र काढते. "परक्याला घरात खोली देण्यासारखं आहे हे," तो म्हणाला, "कडी मात्र आपल्या हातात ठेवायची." तिच्याबरोबर एक फोल्डरही न्यावं लागे. ते राहिलं तर चौकोन निमूट काळा, कसली तक्रार नाही की सूचना नाही. म्हणून श्रीधरचा प्रोग्रॅम सुरू होताना आधी सगळं जागेवर आहे ना ते बघायचा, आणि नसेल तर तसं सांगून बंद व्हायचा. माझ्या ओळखीचा तो एकमेव संशयी प्रोग्रॅम.

ज्या दिवशी ते घरच्या मशीनवर चाललं, तारा 'भात' या शब्दापाशी थांबली. चौकोनातले आपले हात पाहिले, खालची अक्षरं पाहिली. मग आत गेली, भाताचं पातेलं उचलून आणलं आणि पडद्यावरच्या शब्दाशेजारी धरलं. श्रीधर चष्मा पुसत बसला.

कुडपणला मात्र कुजबुज सुरू झाली होती. पोरीला कॅमेऱ्यासमोर उभं करतो, ते फोटो कुठं जातात कोणास ठाऊक. अक्का एकदा महाडला आली ती हेच घेऊन. "हातवारंच शिकवलंस तर ती बोलंल कवा? आनि मशिनीत घालून काय करनार हायेस रे तिला?" श्रीधरला राग यायला हवा होता. तो म्हणाला, "अक्का, विचारतेस ते बरं करतेस. विचारत राहा."

मग स्थळ आलं, पाचाडकडचं. खाणावळ होती त्यांची, माणसं बोलायला गोड. मुलगी बहिरी असली तरी चालेल, म्हणाले. अक्काला आभाळ ठेंगणं झालं. श्रीधरला लगेच संशय. 'चालेल' असं का म्हणतात? मुलगा एकटा बोलायला का येत नाही? त्याच्या बायकोने त्याला झापलं, मीही म्हणालो की प्रत्येक माणूस फसवायलाच येत नाही. तो म्हणाला, "कबूल. पण तुम्ही सगळ्यांनी होकार दिलात. ताराला कोणी विचारलं?"

एका रविवारी सकाळी पाहुणे श्रीधरच्या घरी आले. पोहे झाले, बोलणी झाली, सुपारी फोडायची भाषा निघाली. तारा मामीबरोबर दारात उभी होती, एकेकाच्या तोंडाकडे बघत. मग ती पुढे झाली आणि कोपऱ्यातला काँप्युटर लावला. सगळे कौतुकाने बघू लागले. तिने यादीतून एक शब्द निवडला. चौकोनात तीच उभी होती, तळवा पुढे करून मान हलवत. खाली अक्षरं होती, 'नको'. संपल्यावर तिने ते पुन्हा लावलं. पुन्हा लावलं...

मुलाच्या काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "मशिनीत ज्यानं घातलंय त्याचं बोलनं हाय ते. पोरीचं नाय." अक्का भावाकडे वळली. "तूच शिकवलंस ना रे तिला ह्ये?" खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं. श्रीधरचा चेहरा उतरला. आयुष्यभर दुसऱ्यांवर रोखलेला संशय भरल्या घरात त्याच्यावरच आला होता, आणि त्याच्याकडे पुरावा नव्हता.

ताराला ऐकू आलं नाही, पण चेहरे तिला वाचता येत होते. तिने काँप्युटर बंद केला. आईसमोर जाऊन जमिनीवर बसली. बोटांनी दाराबाहेर दाखवलं, मग डोक्यावर पदर घेतल्यासारखं केलं, आणि आईचा हात धरून आपल्या मानेला लावून तो हलवला. ही त्यांच्या घरातली जुनी खूण, जनावर नवीन दावणीला जायला तयार नसलं की करायची. ती यादीत नव्हती. श्रीधरला ठाऊकही नव्हती.

अक्काने तो हात तसाच तिच्या मानेवर राहू दिला. मग पाहुण्यांना म्हणाली, "पोरीच्या मनात नाय. म्या इचारलंच नव्हतं तिला."

ती माणसं वाईट होती का, हे आम्हाला कधीच कळलं नाही. चांगलीही असतील. श्रीधरने एकदा मला सांगितलं, "ते लबाड निघावेत असं मला फार वाटत होतं. माझं खरं झालं असतं... पण तिचा नकार त्यासाठी नव्हताच." तारा आज पोलादपूरला एका शिवणकामाच्या दुकानात आहे, मोबाइलवर गिऱ्हाइकांना मापं विचारते.

परवा मी श्रीधरच्या घरी गेलो. त्याची बायको म्हणाली, मशीन कोणाला द्यायचं का ते बघा. तारा आली होती. तिने ते लावलं, प्रोग्रॅमने नेहमीसारखं आधी सगळं तपासलं आणि खिडकी उघडली. मी यादी खाली सरकवत गेलो. त्यात 'मामा' असा एक शब्द होता, मी पूर्वी कधी उघडला नव्हता. क्लिक केलं. चौकोनात तारा होती, आतापेक्षा बारीक. तिने डोळे किलकिले केले, मान हळूच वळवून खांद्यावरून मागे पाहिलं, आणि हसली. कॅमेऱ्यामागून श्रीधरचं हसणंही ऐकू येत होतं. तो आवाज त्या खोलीत मला आणि त्याच्या बायकोला तेवढा आला. तारा आमच्या तोंडाकडे बघत होती. मी तिचा हात धरून स्पीकरवर ठेवला, आणि ती क्लिप पुन्हा लावली.