पहिला वाटा बद्रीभाऊचा

बानाबाई डबा हातातून सोडायला तयार नव्हती. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

डबा पितळेचा, कल्हईचा, वर कडीचं झाकण. भोवती ओलं फडकं. आत भुरीच्या चिकाचा खरवस. भुरी म्हणजे बानाबाईची म्हैस, नुकती व्यालेली. चीक रोज पातळ होत जातो आणि मग एक दिवस त्याचं नुसतं दूध होतं. चुलीवर कितीही ठेवा, थिजत नाही. आज पहाटेचा चीक कसाबसा थिजला होता. संध्याकाळच्या धारेचा थिजेल अशी आशा नव्हती. म्हणजे जे काय व्हायचं ते आजच, आणि या डब्यातूनच.

"मावशी, डबा हितं ठेवा न् आत जा," कारखान्याच्या दारावरचा बन्सी म्हणाला. पोरगा सोयगावकडचा, अंगावर निळा गणवेश, तोंडावर नव्या नोकरीची भीती. "बाहेरचं खाणं आत चालत नाय. नियम हाय."

"हे खाणं नाय रं बाबा. वाटा हाय."

"वाटा बी बाहेरचाच ना?"

बानाबाईनं चिडून डबा छातीशी धरला. तिची ढकलगाडी भिंतीला टेकवलेली होती आणि वैशाखाचं ऊन गाडीवरच्या रिकाम्या पिंपावर तडतडत होतं.

बानाबाई धनगराची. सासरा आयुष्यभर मेंढरांमागं फिरला, नवरा मुंजाबाही फिरला. पडेगावच्या माळावर प्लॉट पडले, दगड रोवले गेले, तेव्हा मुंजाबानं मेंढरं विकली आणि त्यानंतर तो फार दिवस जगला नाही. फिरणारा माणूस एका जागी बसवला की असंच होतं, असं बानाबाई म्हणायची. तिनं मात्र म्हशी घेतल्या, पत्र्याचा गोठा घातला आणि शहराच्या कडेला पाय रोवून उभी राहिली. माळ गेला, पण माळाची रीत तिनं गोठ्यात आणली.

त्यातली एक रीत सासऱ्याची. पोलीस ॲक्शनच्या साली, रझाकारांच्या धास्तीनं गावंच्या गावं हालली होती, तेव्हा सासरा मेंढरं घेऊन रानोरान लपत हिंडला. अजिंठ्याच्या डोंगराखाली एका शेतकऱ्यानं त्याला आपल्या खळ्यावर थारा दिला, मेंढरांना भूस घातलं. द्यायला सासऱ्याजवळ काही नव्हतं. एक मेंढी व्याली, तिचा चीक त्यानं त्या शेतकऱ्याच्या ओंजळीत दिला. तेव्हापासून घरात ठरून गेलं. पोटुशी जनावराला ज्यानं चारा दिला, त्याच्या तोंडी पहिला चीक. तोवर घरात कुणी चाखायचा नाही, त्या जनावराचं दूध विकायचं नाही. आणि तो वाटा हातातून हातात द्यायचा. मधे भुई नको, फळी नको, तिसऱ्याचा हात नको.

भुरीला चारा दिला तो बद्रीनाथनं.

बद्रीनाथ या बिअरच्या कारखान्यात बिअर शिजवायचा. कारखाना म्हणजे काही वाळूजसारखा धुराड्याचा नव्हे. काचेमागं तांब्याची दोन मोठी भांडी, आणि पुढं कडुलिंबाखाली टेबलं मांडलेली बाग. शहरातली माणसं गाड्या घेऊन यायची, इथंच शिजलेली बिअर इथंच प्यायची. भिंतीपलीकडं गोठा, भिंतीअलीकडं बाग. पहिल्यांदा जव शिजल्याचा वास भिंतीवरून आला तेव्हा म्हशींनी माना वर केल्या होत्या आणि म्हशींमागून बानाबाईनं. तिनं मागच्या फाटकातून डोकावून बघितलं तर एक माणूस शिजल्या जवाचा वाफाळता चोथा खड्ड्यात ओतत होता.

"अहो, अन्न हाय ते! मातीत कामून घालता?"

"मग तुम्ही न्या," बद्रीनाथ म्हणाला होता.

तेव्हापासून शिजवणाच्या दिवशी मागच्या फाटकाशी चोथ्याचं पिंप ठेवलेलं असे. यंदा कडब्याची पेंडी बघायला मिळेना, तेव्हा पोटुशी भुरी उभी राहिली ती या चोथ्यावर. बद्रीनाथनं कधी बोलून दाखवलं नाही, कधी काही मागितलं नाही. बानाबाईनं मनात मोजून ठेवलं होतं, की भुरी व्याली की पहिला वाटा बद्रीभाऊचा.

आणि भुरी व्याली तेव्हाच नेमकं सगळं आडवं आलं.

पहिल्या दिवशी ती डबा घेऊन मागच्या फाटकाशी गेली, तर फाटकाला नवं कुलूप. आतून खुर्च्या लावलेल्या. बाग वाढवून थेट फाटकापर्यंत आणली होती, आणि गिऱ्हाइकांना शेणाचा वास येतो म्हणून हा रस्ता बंद, पिंपही यापुढं पुढच्याच दारानं न्यायचं, असं कुणीतरी फाटकावरूनच ओरडून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुढच्या दाराशी गेली, तर बद्रीनाथ सुट्टीवर. तिसऱ्या दिवशी दारच बंद. बन्सी म्हणाला, "आज ड्राय डे हाय मावशी. कोरडा दिवस."

"आरं, आमचे तर सगळेच दिवस कोरडे हायत. तुमचा एकच कसा?" असं म्हणून ती परतली होती.

घरी रोजचा खरवस वाया जात होता. सून वच्छला भांड्याकडं बघायची, नातवंडं वच्छलाकडं बघायची. "आत्या, त्या माणसाला ठावं तरी हाय का, आपण त्याच्यासाठी उपाशी बसलोय ते?" वच्छलानं काल विचारलंच. खरं तर तोच काटा बानाबाईलाही टोचत होता.

आता बन्सी म्हणत होता, "मावशी, ऊन बघा. डबा द्या, फ्रीजमधी ठेवतो. बद्रीकाका मोकळं झालं की देतो त्यांना. तुमच्या नावानं देतो."

"नाय."

"खराब होईल."

"होऊ दे. हातातून हातात द्यायचाय."

बन्सीनं शेवटी कंटाळून तिला सोडलं, पण एका अटीवर. डबा पदराखाली झाकून न्यायचा, आणि उघडायचा नाही.

बागेत पांढऱ्या गोट्यांचा थर पसरला होता. बानाबाईच्या वहाणा त्यात रुतत होत्या. काचेमागं बद्रीनाथ दिसला. मोठ्या भांड्यावर वाकलेला, कपाळावर रुमाल, वाफेनं चेहरा लाल. तिनं हात केला. त्यानं बघितलं, ओळखलं, हसला आणि पंजा दाखवला. थांबा. मग एका वाटीतून कसली तरी कडू फुलं भांड्यात टाकून पुन्हा ढवळायला लागला.

ती लिंबाखालच्या टेबलाशी बसली. वाढपी आला. "आजी, काय घेणार?"

"काय नाय. मी द्यायला आलेय."

तो गोंधळून गेला आणि मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजर तरणा होता, गोड बोलणारा. गोड बोलण्याचा बानाबाईला जास्त राग यायचा, कारण त्याच्याशी भांडता येत नाही.

"आजी, हे टेबल बुक आहे ना, प्लीज. बद्रीभाऊंचं उकळवण चालू आहे, ते मधेच हलू नाही शकत. सोमवारी या ना तुम्ही."

"सोमवारी चिकाचं दूध झालं असंल."

"कशाचं?"

"तुम्हाला नाय कळायचं, सायेब."

तो खरंच समजून घ्यायला थांबला नाही. तिला उठवून त्यानं भिंतीशी एका स्टुलावर बसवलं. तिथं लिंबाची सावली नव्हती, भिंतीचीच काय ती थोडी. पलीकडच्या टेबलावरच्या पोरींनी तिच्याबरोबर फोटो काढला. एक म्हणाली, "आजी, थोडं हसा ना." बानाबाई हसली नाही, तरी त्यांनी काढलाच.

ऊन सरकत तिच्या मांडीवर आलं. फडकं केव्हाच वाळलं होतं. बद्रीनाथ भांड्यावर वाकलेला तसाच होता. मधे एकदा त्यानं पुन्हा पंजा दाखवला. बानाबाईला वाटलं, उठून काचेवर डबा आपटावा. मग वाटलं, भाऊ तरी काय करणार, आच लागलेलं भांडं सोडून कोण येतं? धार काढताना ती तरी कुणासाठी उठली होती कधी? या विचारानं राग कमी झाला नाही, फक्त त्याला जायला जागा उरली नाही. आजूबाजूला मोठमोठ्या ग्लासांत सोनेरी बिअर फेसाळत होती, माणसं खिदळत होती. हवेत आंबूस वास होता, आणि खरवसाजवळ आंबट काही आणू नये एवढं तर तिला लहानपणापासून ठाऊक. ती डबा पदराखाली आणखी आत ओढत राहिली. पदराखालची ऊब बाहेरच्या उन्हापेक्षा वाईट, हे तिच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं तरी हात सैल झाला नाही.

बद्रीनाथ आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. अंगाला जवाचा वास, शर्ट पाठीला चिकटलेला.

"मावशी, लई बसवलं तुम्हाला. अहो, बन्सीजवळ निरोप ठेवायचा!"

"भुरी व्याली. आज चौथा दिस."

"काय झालं?"

"वगार."

"ब्येस!" तो मनापासून हसला. तिनं उभं राहून डबा त्याच्या हातात दिला. कडी त्यानंच काढली. झाकणाखालून आंबट वास आला. वड्यांना पाणी सुटलं होतं, कडांशी फेस धरला होता. दोघंही डब्यात बघत राहिली.

"मावशी," बद्रीनाथ हळू म्हणाला, "हे आंबलंय."

बानाबाईला वाटलं, ढकलगाडीचं चाक आपल्या छातीवरून गेलं. तिच्या तोंडून आवाज निघाला तो मात्र भांडणाचाच. "मंग आंबणारच की! फाटकाला कुलूप तुमचं, कोरडा दिवस तुमचा, ऊन तेवढं माझं!"

"बन्सीनं फ्रीजमधी ठेवतो म्हटलं नाय का?"

"म्हटलं. मी नाय दिला." मग जरा थांबून ती म्हणाली, "हातातून हातात द्यायचा असतो. पयला वाटा चारा घालणाऱ्याचा. तुम्ही खाल्ल्याबिगर घरी कुणी चाखलं नाय, दूध डेअरीला घातलं नाय."

बद्रीनाथनं तिच्याकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. "चार दिस?"

"व्हय."

त्यानं बोटानं एक वडी उचलली. पाणी निथळू दिलं आणि तोंडात टाकली. चावताना त्याचा डोळा बारीक झाला. गिळली. "गूळ चांगला पडलाय," तो म्हणाला. दुसरी घ्यायला त्यानं बोटं डब्यात घातली, तेव्हा बानाबाईनं डबा ओढून घेतला.

"पुरे. पोट बिघडंल. आंबलेलं काय खाता?"

"तुम्हीच तर आणलं."

"चांगलं आणलं हुतं!" ती जवळजवळ ओरडली. पलीकडच्या टेबलावरच्या माना वळल्या.

चोथ्याचं पिंप आत भरून ठेवलेलं होतं. मागचं फाटक बंद, म्हणून तिनं बाहेर जाऊन ढकलगाडी पुढच्या दारानं आत आणली. मॅनेजर धावत आला. "आजी, हे इथून नाही ना! लोक बसलेत."

"मंग मागचं उघडा."

"किल्ली मालकांकडं आहे."

"मंग सरका."

बद्रीनाथनं पिंप गाडीवर चढवून दिलं आणि त्याला आतून पुन्हा हाक आली. बानाबाई एकटीच टेबलांमधून गाडी ढकलत निघाली, आणि अगदी मधोमध, त्या पांढऱ्या गोट्यांत, चाक रुतलं. पुढं नाही, मागं नाही. वाफाळता चोथा, शेणाचा पदर, फेसाळते ग्लास, सगळं एके जागी. दोन पोरं उठली, मिशीला फेस तसाच ठेवून त्यांनी गाडीला खांदा लावला.

"आजी, काय आहे हो यात? भारी वजन आहे."

"तुमच्या ग्लासातलं सत्व गेल्यावर उरलंय ते. ढकला."

पोरं हसली, बानाबाई हसली नाही. चाक सुटलं तेव्हा गोटे उडून मॅनेजरच्या बुटावर पडले. दारात बन्सीनं मान खाली घातली आणि तिनंही त्याच्याकडं बघितलं नाही. फ्रीजची गोष्ट दोघांच्या मधे उभी होती.

घरी वच्छला दारातच होती. "खाल्लं का त्यांनी?"

"खाल्लं."

"काय म्हणले?"

"आंबलंय म्हणले."

वच्छलानं तोंडाला पदर लावला. हसते की रडते ते बानाबाईनं बघितलं नाही. ती गोठ्यात गेली. भुरीपुढं चोथा टाकला. भुरीनं तोंड घातलं ते वर काढलंच नाही. बानाबाई धारेला बसली. वगारीचं पोट भरल्यावर उरलं त्यातलं थोडं चुलीवर चढवलं, गूळ घातला, वेलदोडा कुटून टाकला, आणि नातवंडांना जवळ बसवलं. वाटा देऊन झाला होता. आता घरानं चाखायला हरकत नव्हती.

भांडं वाफेवर खदखदत राहिलं. तिनं झाकण काढून काडी घालून बघितली. काडी ओली निघाली. पुन्हा झाकलं, पुन्हा बघितलं. दूध हललं, गोडसर वास आला, पण थिजलं नाही ते नाहीच.

"आजे, झालं का?" धाकट्यानं विचारलं.

"झालं," बानाबाई म्हणाली. "दूध झालं. प्या."

तिनं वाट्या भरल्या. मग उरलेली धार डेअरीच्या किटलीत ओतली, झाकण दाबून बसवलं आणि भुरीकडं तोंड करून म्हणाली, "पुढच्या वेळी थंडीत व्ये."