साडेतीन हातांचं घोंगडं

मला लोकर टोचते. दुसऱ्या कुणी हे सांगितलं तर त्यात विशेष काही नाही, पण आम्ही न्हावऱ्याकडचे धनगर. आमच्याकडं पाहुणा आला की आधी घोंगडं अंथरतात, मग पाणी विचारतात. अशा घरात लोकर न सोसणारी पोर जन्माला यावी, हा देवाचा खोडसाळपणाच म्हणायचा.

आणि नुसती लोकर असती तर भागलं असतं. नव्या साडीची खळ, ब्लाऊजचे हूक, गजऱ्याचा वास, कुणी ताटावर चमचा घासला तर तो आवाज, सगळंच मला जरा जास्त पोचायचं. आता अशा माणसांसाठी चांगले भारदस्त शब्द निघालेत. तेव्हा आमच्या घरी एकच होता, ‘थेरं’. आई तो दिवसातून दोनदा तरी वापरायची. म्हणून मी बोलणं सोडलं आणि युक्त्या काढल्या. पोलकं उलटं घालायचं, म्हणजे शिवण बाहेर. वरातीत बँड जवळ आला की कानात कापूस, वरून पदर. आणि घोंगडं अंथरलं रे अंथरलं की मी चहा ठेवायला पळायचे. पोरगी घडीभर बसत नाही, केवढी कामसू, असं माझं चार गावांत नाव झालं ते एवढ्या भांडवलावर. दौंडचं रेल्वेतल्या मुलाचं स्थळ आलं तेही बहुतेक त्यामुळंच.

लग्नाच्या आधी आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, उरलीसुरली मेंढरं विकली. जिकडं तिकडं ऊस झाला होता, चारायला जागा राहिली नव्हती. शेवटच्या खेपेला कातरलेली लोकर त्यांनी जपून ठेवली होती. तिचं घोंगडं विणून घेतलं आणि मला दिलं. काळंभोर, पाच हात लांब, चिंचोक्याच्या खळीनं पत्र्यासारखं ताठ. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, कारण आबांनी ते माझ्या खांद्यावर टाकलं होतं.

दौंडला रेल्वे कॉलनीत राहायला आले. तुम्हाला वाटेल, गाड्यांच्या आवाजानं माझी दैना झाली असेल. अजिबात नाही. गाड्यांचं मला काही वाटेना, पण भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक सोसेना. ते मी गव्हाच्या डब्यात ठेवून दिलं. नवरा वेळ बघायला डब्याचं झाकण उघडायचा आणि मुकाट्यानं लावायचा. भला माणूस. घोंगडं ट्रंकेत होतं आणि मी सुखात होते.

मग शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला, आबा रविवारी येतायत, दोन दिवस राहणार. आबा येणार म्हणजे घोंगडं निघणार, आणि ते मला शेजारी बसवून घेणार. मी चुळबुळ केली की त्यांना कळणार. सगळ्या जगानं मला नखरेल म्हटलं तरी चालणार होतं, पण आबांची शेवटची लोकर त्यांच्याच नातीला सोसत नाही, हे आबांना कळून चालणार नव्हतं.

तेव्हा मी ठरवलं, घोंगडं मऊ करायचं. शनिवारी बंबात पाणी कढत केलं, टपात सोडा टाकला, घोंगडं बुडवलं आणि नवऱ्याला वर नाचायला लावलं. लोकरीला गरम पाणी चालत नाही, हे धनगराच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला नव्हतं. घरात लोकर धुवायची वेळ आली की मी चहा ठेवायला गेलेली असायचे.

वाळल्यावर पाहिलं तर पाच हातांचं घोंगडं साडेतीन हातांवर आलेलं. टोचणं मात्र होतं तेवढंच होतं. आता ते कमी जागेत दाटीनं टोचत होतं.

रविवारी सकाळी आम्ही ते पुन्हा भिजवलं आणि अंगणात ओढायला लागलो. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला नवरा. समोरच्या बाईंनी विचारलं, “काय चाललंय हो?” “वाळत घालतोय,” मी म्हणाले. हाताची आग होत होती, तरी दात-ओठ खाऊन मी ओढत होते. तेवढ्यात फाटक वाजलं. आबा पहिल्याच एसटीनं आले होते. माझ्या हातातलं टोक सुटलं आणि जावईबापू घोंगड्यासकट तुळशीजवळ उताणे पडले.

आबांनी आधी जावयाला उठवलं, मग घोंगड्यावरून हात फिरवला.

“कढत पानी?”

“व्हय.”

“सोडाबी?”

“व्हय.”

“आन् तुडवलं कुनी?”

मी नवऱ्याकडं बोट दाखवलं. त्यानं मान खाली घातली. मग मला राहवेना. रडत रडत सगळं सांगून टाकलं. मला टोचतं, लहानपणापासून टोचतं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.

“आगं, दीड वर्साची व्हतीस तवापासनं ठावं हाय मला,” आबा म्हणाले. “घोंगड्यावर ठिवली की किंचाळायचीस. मेंढरांमागं तुला घिऊन जायचो तवा खांद्यावर आधी जुन्या धोतराचं फडकं टाकायचो. मंग गप झोपायचीस.”

इतकी वर्षं मी ज्यांच्यापासून लपवत होते, त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मला बरंही वाटलं आणि रागही आला.

“मग मला दिलंत कशाला?”

आबा घोंगड्याला चिकटलेली तुळशीची पानं एकेक काढत होते. “माझ्याकडं दुसरं काय व्हतं, बाय?”

दुपारी घोंगडं वाळल्यावर नवऱ्यानं आत अंथरलं आणि आबा त्यावर टेकले. मी चहा घेऊन आले, कप त्यांच्या हातात दिला आणि आपल्या पायांनी जाऊन त्यांच्या शेजारी बसले. साडीतून काट्यांसारखं टोचलं. मी हललेसुद्धा नाही.

आबांनी माझ्या कोपराला धरलं.

“ऊठ,” ते म्हणाले. “खाली फरशीवर बस. गार हाय.”