ओहोटीतलं बंदर आणि एकाहत्तरचा ब्लॅकआउट

किस्से जमवावे लागत नाहीत. पनवेलच्या खाडीकाठचा चिखल चपलेला लागतो तसे ते लागतात. घरी येऊन बघावं तर दोन-चार आलेलेच असतात!

आम्ही तिघं रविवारी लोकांना जुनं बंदर दाखवतो. वर्षाताईंनी हे सुरू केलं. फैयाजभाईंचं मोहल्ल्यात दुकान आहे, त्यांच्या आजोबांची गलबतं होती. तिसरी मी, गौरी. इतिहासात एम.ए., आणि कुणी मागून शिंकलं तरी दचकणारी. वॉकचा शेवटचा टप्पा एकाहत्तरच्या युद्धातल्या ब्लॅकआउटचा. तो मला एकटीनं सांगायचा होता. अगदी मनापासून!

*

पहिल्याच रविवारी ओहोटी. समोर नुसता चिखल, तिवरं आणि वास.

खारघरहून आलेले एक साहेब कॅमेरा काढून उभे. "पोर्ट कुठंय?"

"हेच."

"पण पाणी?"

मी फैयाजभाईंकडे बघितलं. फैयाजभाई शांतपणे म्हणाले, "साहेब, समुद्र जरा बाहेर गेलाय. दुपारनंतर तशरीफ आणेल."

साहेब खरंच थांबले! डबा खाऊन, पाणी बघूनच गेले.

*

काठाला एक गंजका लोखंडी खांब आहे. प्रत्येक बॅच त्याला तोफ समजून सेल्फी काढते. एका काकूंनी तर वाकून नमस्कार केला.

"वहिनी, ही तोफ नाही," फैयाजभाई म्हणाले. "याला गलबतं बांधायचे."

"असू दे हो. पण कुठल्या लढाईतला?"

"हा बिचारा कधी लढलाच नाही. नुसता बांधलेला राहिला. माझ्यासारखा!"

काकूंनी काकांकडे बघितलं. काका खांबाकडे बघत होते.

*

ब्लॅकआउटची माहिती आम्हाला कोळीवाड्यातल्या हिरामावशींनी दिली. तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालेलं. खिडक्यांना काळे कागद लावायचे, दिवा झाकायचा, भोंगा वाजला की गप्प बसायचं.

मी मोबाइलचं रेकॉर्डिंग लावून गंभीरपणे विचारलं, "मावशी, तेव्हा खूप भीती वाटायची का?"

"वाटाची ना!"

"विमानांची?"

"इमानांची कशाला? इमानं वर व्हती. सासू घरान व्हती!"

*

मग मला तो टप्पा मिळाला. "आणि अचानक आकाशात..." एवढं म्हणाले आणि मागून स्कूटरवाल्यानं हॉर्न मारला. मी किंचाळले. पुढचं सगळं डोक्यातून गेलं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग कुत्रं भुंकलं. पुन्हा पहिल्यापासून!

तिसऱ्या खेपेला एक आजोबा प्रेमानं म्हणाले, "बाळ, काळे कागद आता आम्हीच लावतो. तू विमानं तेवढी आण."

त्या दिवशी वर्षाताईंनी मला बाजूला घेतलं. "गौरी, पुढच्या वेळी एकदाही न थांबता सांगून दाखव. नाही जमलं तर तू इन्स्टाग्राम सांभाळ. तो टप्पा मी घेईन."

"जमेल," मी म्हणाले.

*

आठवडाभर घरी प्रॅक्टिस. मी हॉलमध्ये बोलायची आणि बाबा दाराआडून अचानक ताट बडवायचे. सुरुवातीला मी सोफ्यामागे जायची. शेवटी शेवटी नुसती पापणी हलायची.

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "तिची भीती गेली असेल तर सांगा. माझं ताट गेलंय!"

*

आणि तो रविवार.

हिरामावशींनी पुढची खोली दिली होती, नंतरचं जेवणही त्यांच्याकडेच होतं. मी खिडक्या लावल्या, काळे कागद चिकटवले, दार ओढून घेतलं. मिट्ट अंधार. दहा-बारा पाहुणे दाटीवाटीनं उभे, वर्षाताई त्यांच्यातच कुठेतरी. शब्द येत होते. स्कूटर गेली, थांबले नाही. कुत्रं भुंकलं, थांबले नाही.

"सगळ्यांनी श्वास रोखलाय," मी म्हणाले. "कान वर लागलेत. आणि तेवढ्यात..."

आतल्या खोलीत कुकरची शिट्टी झाली.

मी धाडकन जमिनीवर. पालथी, हात कानांवर! आणि माझ्यामागे धप, धप, धप... सगळी बॅच खाली. कुणाचं तरी कोपर माझ्या बरगडीत.

आता उठावं तर संपलं. थांबावं तरी संपलं. मी फरशीला गाल लावून, डोळे गच्च मिटून बोलत राहिले. खाडीत दिवे विझवून उभ्या राहिलेल्या होड्या सांगितल्या, आईच्या कुशीत तोंड दाबून रडणारी पोरं सांगितली. दुसरी शिट्टी झाली, तिसरी झाली. मी सांगतच होते. पार शेवटच्या वाक्यापर्यंत.

कुणीच हललं नाही. अंधारात एक बाई हुंदका देत होत्या.

माझ्या पायांजवळून वर्षाताईंचा आवाज आला. त्याही पालथ्याच होत्या. "हा टप्पा तुझा. कायमचा."

तेवढ्यात आतलं दार उघडलं. हातात डाव घेऊन हिरामावशी उजेडात उभ्या. त्यांनी फरशीभर पसरलेले सगळे नीट बघून घेतले.

"गो पोरी," त्या म्हणाल्या, "यांना जेवाचं हाय का निजाचं?"