राऊतांची गोडी विहीर

गिरीज गावच्या शांताकाकू राऊत गेली अकरा वर्षं आपल्या नवऱ्याला, जगन्नाथकाकांना, फसवत होत्या. तेही पाण्यासाठी. एरवी या बाईने कुणाला पावशेर भाजीतही फसवलेलं नाही.

झालं असं, की वाडीतली विहीर खारट झाली. आधी पानवेली जळल्या, तेव्हा जगन्नाथकाका म्हणाले, रोग पडला. मग साबणाला फेस येईना, तर काका साबण बनवणाऱ्यांवर घसरले. विहीर त्यांच्या वडिलांनी खणलेली. एके काळी अख्ख्या आळीतली लग्नं तिच्या पाण्यावर उरकत. तिला कुणी खारट म्हटलं की काका दोन-दोन दिवस अबोला धरत. शेवटी काकूंनी 'भांड्यांपुरता' म्हणून नळ घेतला आणि उलटाच कारभार सुरू केला. भांडी विहिरीवर, पिणं नळावर. काका तांब्या तोंडाला लावून म्हणत, "बघ, आहे का असं पाणी कुठे?" काकू मान डोलवत. खोटं एकदा बोललं की संपतं असं त्यांना वाटलं होतं. हे तर रोज पहाटे उठून हंड्याने भरावं लागत होतं.

मग एक ट्रक आला. शेजारच्या आळीतला युजीन ऑस्ट्रेलियात नोकरीला. तिथे कुणाच्या तरी शेतावर गंजत पडलेला साठ वर्षांचा फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रक त्याच्या मनात भरला. वर्षभर कागदपत्रांशी झटापट करून त्याने तो बोटीने इकडे पाठवला, स्वतः सुट्टीवर आला आणि थेट राऊतांच्या वाडीत आणून उभा केला. जगन्नाथकाकांनी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढलेली. "काका, तुमच्या हाताशिवाय याला कुणी हात लावायचा नाही," असं सांगून युजीन परत गेला. काका त्या एका वाक्यावर दहा वर्षांनी तरुण झाले.

सहा महिन्यांत इंजिन बोलायला लागलं, चारही चाकं जोर घेऊ लागली. मग काकांनी जुना रंग खरवडून काढला. सगळा पत्रा उघडा करून धुतला, खळग्यांत लांबी भरली आणि वॉटर पेपरने घासायला बसले. वॉटर पेपर म्हटला की हातासरशी पाणी आलंच. काकांनी विहिरीच्या पंपाला पाइप जोडला. ओट्यावर नारळ सोलत बसलेल्या काकूंचा हात थांबला. त्या पाण्याने पंपाचे नटबोल्ट वर्षभरात खाल्ले होते, ते काकूंना ठाऊक होतं. एक शब्द पुरेसा होता. पण तो बोलायचा तर अकरा वर्षांचा हिशेब द्यावा लागला असता. काकूंनी पुढचा नारळ ओढला.

हिरवा रंग चढला. ट्रक असा दिसायला लागला की येणारेजाणारे फोटो काढत. महिन्याभरात बॉनेटवर बारीक फोड उठले. नखाने टोचले तर आतून तांबडं पाणी. काकांनी सगळं पुन्हा खरवडलं, पुन्हा धुतलं, पुन्हा रंगवलं. काकू रोज ठरवत, आज सांगते. दुसऱ्यांदाही फोड आले, या वेळी दरवाजांवरसुद्धा.

त्या दुपारी काकांनी स्प्रे-गन फडक्यात गाठ मारून बांधली आणि ती घेऊन पायरीवर येऊन बसले.

"युजीनला फोन कर. ट्रक दुसऱ्या कुणाला दे म्हणावं."

"आणि तुम्ही?"

"माझा हात गेला, शांता." ते आपल्या पंजांकडे बघत होते. "इतक्या गाड्या रंगवल्या, असं कधी झालं नव्हतं."

त्या आवाजात राग नव्हता. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात काकूंनी या माणसाला रागाशिवाय हरताना पाहिलं नव्हतं. या माणसाच्या जवळ अभिमानाच्या दोनच गोष्टी, एक हात आणि एक विहीर. दोन्हींतली एकच आता वाचवता येणार होती.

काकूंनी दोन पेले भरून आणले.

"हा प्या."

काका प्यायले. "आपलंच आहे की."

"हे नळाचं. आता हा प्या. हे विहिरीचं."

एका घोटात काका थांबले. थुंकले मात्र नाहीत.

"कधीपासून?"

"अकरा वर्षं."

"चहा?"

"चहासुद्धा."

ओरडा पडेल म्हणून काकू उभ्या राहिल्या. इतक्या थकल्या होत्या की ओरडाही चालला असता.

"तुमचा हात चांगला आहे," त्या म्हणाल्या. "रंग पाण्याने खाल्ला. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही."

काकांनी एकदा विहिरीकडे पाहिलं. मग फडक्याची गाठ सोडू लागले.

"सगळं परत खरवडावं लागेल."

"हो."

"घासायला पाणी बरंच लागेल. तू भरशील नळाचं?"

"मग अकरा वर्षं कोण भरतंय?"

काका हसले नाहीत. त्यांनी विहिरीच्या पाण्याचा पेला उचलला आणि शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन खाली ठेवला.