चुडामण नानांचा लाडका शब्द

रनाळ्याच्या आमच्या गल्लीत कागद लिहायचा म्हटलं की चुडामण नाना. शेतकरी माणूस, पण सातवी पास, आणि तरुणपणी दोन हंगाम मोजणीदाराच्या हाताखाली जमीन मोजायची साखळी ओढलेली. तिथून त्यांनी एक शब्द उचलून आणला, 'समांतर', आणि जिथंतिथं मिरवला.

अर्जात 'नाल्यास समांतर बांध' ठीक आहे हो! पण म्हैस विकल्याच्या कागदातही 'शिंगे समांतर, डावा कान कातरलेला'. आजाऱ्याच्या पत्रात 'औषध व पथ्य समांतर चालू आहे'. माझ्या लग्नपत्रिकेतसुद्धा 'वधूवरांचा समांतर प्रवास'! शाळेतले गुरुजी हसले, "नाना, समांतर रेषा कधी भेटत नाहीत."

"पन एकमेकले सोडी बी जातस नही ना?" नाना म्हणाले. गल्ली महिनाभर हसत होती आणि माझा नुसता संताप झाला होता.

लग्न झालं सत्तावन्न साली, सासर खांडबाऱ्याकडचं. वर्षभरात पहिली आखाजी आली. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीनं माहेरी जायचं, झोका घ्यायचा, गौराईची गाणी म्हणायची. पहिलीच आखाजी सासरी काढायची म्हणजे काय, ते लेकीलाच विचारा. माझे वडील नव्हते. आईनं, धनुबाईनं, 'पोरीला धाडा' म्हणून नानांकडून पत्र लिहवून घेतलं.

सासरे दगा पाटील ओट्यावर मोठ्यानं वाचत होते, मी दाराआड. 'आता आपली दोन्ही घरे समांतर झाली,' इथं ते थांबले.

"समांतर? पोर देनारा आमना बराबर व्हई गयात? आते पोर धाडाव नही!"

मुलीकडच्यांनी 'आपले पायाशी' असं लिहायची रीत. नानांना ती ठाऊक नव्हती थोडीच? पण तो शब्द आवरेल तर शपथ! मी चुलीपुढं बसून रडले आणि नानांना मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहिण्याजोग्या नाहीत. सासऱ्यांनी तसं कार्डही टाकलं रनाळ्याला.

आखाजीला दोन दिवस उरले असताना नाना स्वतः आले. स्टेशनावरून उन्हात चालत. पाणीही घेतलं नाही, सरळ हात जोडले. सासऱ्यांनी ते पत्र पुढं टाकलं. "आधी तो शब्द खोडा."

 नानांनी खिशातून पेन काढलं आणि पट्टी धरल्यासारखी सरळ रेघ मारली. खाली 'आपले पायाशी' लिहिलं. सासरे म्हणाले, "लई जा पोरले."

गाडीत मला राहवेना. "नाना, तुमचा शब्द गेला."

"शब्द काय, दुसरा भेटी जाई. पहिली आखाजी दुसरी भेटाव नही."

मी झोका घेतला, गाणी म्हटली, आंबे खाल्ले. पण त्यानंतर नानांनी तो शब्द कुठंच लिहिला नाही. नाल्याच्या बांधालाही 'लगत' म्हणू लागले. गल्लीतलं हसू गेलं. मला फार वाईट वाटायचं.

पासष्टला माझी नणंद रेवा लग्न होऊन सासरी गेली आणि तिच्या सासरच्यांनी निरोप धाडला, यंदा आखाजीला येणार नाही. सासऱ्यांचा घास तोंडात फिरायला लागला. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "तुन्हा नानाले बलाव."

नाना आले. थकले होते. न सांगताच त्यांनी 'आपले पायाशी' असं सुरू केलं. सासरे वाकून बघत होते.

"नाना, ते ऱ्हाऊ द्या. तो शब्द लिखा. तवय मी खोडाले लावा व्हता, तोच."

 नानांनी चष्मा काढून धोतरानं पुसला, परत लावला आणि लिहिलं. सासऱ्यांनी सबंध पत्र मोठ्यानं वाचलं. त्या शब्दावर थांबले नाहीत. सही केली आणि ते पत्र घेऊन स्वतः व्याह्यांकडं गेले.

रेवा आली. त्या वर्षी मी माहेरी न जाता तिचा झोका बांधला.

पुढच्याच महिन्यात रनाळ्यात कुणाची तरी म्हैस विकली गेली. आईनं मुद्दाम निरोप धाडला, कागदावर नानांनी लिहिलं होतं, 'शिंगे समांतर'. मी हसत हसत पदर डोळ्यांना लावला.